पित्तप्रकृतीचं घराणं

आई, परवा इथे सिडनीत, वेंटवर्थव्हिलच्या आपल्या नेहमीच्या दुकानात गेले, तर मी काही मागायच्या आधीच शेठजींनी आमसुलांची दोन पाकिटं काउंटरवर काढून ठेवली. "आंटी आनेवाले हैं ना इस साल? अलग रख दिया था मैंने." मी त्या पाकिटांकडे बघितलं आणि तिथेच, तांदळाच्या पोत्यांना टेकून, हमसून हमसून रडले. आमसुलं बघून रडणारं गिऱ्हाईक शेठजींना आजवर भेटलं नसावं. त्यांनी आधी घाबरून एक्स्पायरी डेट तपासली.

तुम्ही गेलात हे मग मी त्यांना सांगितलं. सांगताना तुमचा आवाज कानात होताच. "दुकानात कसलं रडतेस? लोक बघतायत. कोणी विचारलं तर सांग, पित्त झालंय."

आपल्या घरात सगळ्या दुखण्यांवर हे एकच नाव होतं. निलेशचं स्थळ बघायला आम्ही चिंचवडला आलो होतो, तेव्हा फोटो, पत्रिका, नोकरी सगळं बोलून झाल्यावर माझ्या आईने खालच्या आवाजात विचारलं होतं, मुलाला काही सवयी वगैरे... तुम्ही ताठ मानेने म्हणालात, "मुलगा निर्व्यसनी आहे. फक्त जरा पित्तप्रकृती. वडिलांवर गेलाय." परत जाताना रिक्षात माझी आई म्हणाली, पित्तच ना, डायबेटिस नाही हे नशीब.

ती प्रकृती मला सिडनीत आल्यावर कळली. रविवारी सकाळी निलेश पडदे ओढून, डोकं धरून बसायचा. मी घाबरून तुम्हाला फोन लावायची आणि तुम्ही शांतपणे सांगायचात, "आमसुलाचं सार दे. पोटात हलकं काहीतरी जाऊ दे. आणि प्रश्न विचारू नकोस, पित्ताच्या माणसाला प्रश्न सोसत नाहीत." मी सार करायची. प्रश्न विचारायची नाही. पिवळ्या झाकणाचा, रिकाम्या बाटल्यांचा कचऱ्याचा डबा ट्रकमध्ये उलटा व्हायचा, तेव्हा अख्ख्या गल्लीला निलेशची प्रकृती खणखणत ऐकू जायची.

मी काही बावळट नव्हते, आई. पण तुम्ही दिलेला शब्द वापरायला फार सोयीचा होता. मी निलेशच्या मॅनेजरला गॅस्ट्रिक सांगायची, लेकीला, ईराला, डॅडींची टमी सांगायची, आणि आत जाऊन आमसुलं भिजत घालायची. शेठजींनी एकदा विचारलंसुद्धा, "बेन, रेस्टॉरंट खोला है क्या?"

पहिल्यांदा तो पिऊन गाडी चालवताना सापडला, दंड झाला, लायसन्स काही महिने गेलं. तेव्हा तुम्ही फोनवर ठासून सांगितलंत की पित्ताच्या गोळ्यांनी पोलिसांच्या मशीनवर चुकीचे आकडे येतात, तुम्हाला एका डॉक्टरांनीच सांगितलंय. ते डॉक्टर दातांचे होते. मी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते, त्यामुळे दातांच्या डॉक्टरांना पित्ताबद्दल किती कळतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

दुसऱ्या वेळी गाडी कोपऱ्यावरच्या घराचं कुंपण मोडून आत घुसली आणि अंगणातल्या ट्रॅम्पोलीनवर चढून थांबली. शनिवार होता, लख्ख दुपार. त्यावर रोज उड्या मारणारी त्यांची मुलगी त्या दिवशी आजीकडे गेली होती. या गोष्टीवर मला कधी विनोद करता आला नाही. निलेशने त्या दिवसानंतर दारूला हात लावला नाही. सोमवारी तो आपल्या पायांनी क्लिनिकमध्ये गेला आणि चर्चच्या हॉलमध्ये आठवड्याला व्यसनी लोकांची जी मिटिंग भरते, तिथे जाऊन बसायला लागला.

पण केस उभी राहिलीच. आपली वकील हरप्रीत, हॅरिस पार्कात मिठाईच्या दुकानाच्या वर तिचं ऑफिस. तिने आडपडदा ठेवला नाही. "दूसरी बार है, और इतनी पी हुई थी. जेल हो सकती है, भाभी."

हे कळलं आणि तुम्ही पुढच्याच आठवड्यात सिडनीत उतरलात. निम्मी बॅग आमसुलांनी भरलेली. एअरपोर्टवर तपासणीवाल्याने विचारलं हे काय, तर तुम्ही म्हणालात, "मेडिसिन. फॉर सन."

हरप्रीतने ओळखीच्या लोकांकडून निलेशबद्दल चार शब्द लिहून आणायला सांगितलं होतं. ती मोहीम तुम्ही हाती घेतलीत. इथल्या मराठी मंडळातल्या लोकांना पोह्यांना बोलावलंत, बशी हातात देतानाच मजकूर सांगितलात, आणि दोन दिवसांत गठ्ठा तयार. सगळ्यांचा साचा एकच: मुलगा सालस, उंच, उच्चशिक्षित, कुटुंबवत्सल आणि निर्व्यसनी. एकांनी तर गोत्र घातलं होतं. हरप्रीतने ती पत्रं वाचली आणि कपाळाला हात लावला.

"आंटी, इसकी शादी नहीं करवानी है, जेल से बचाना है. ड्रिंक ड्रायव्हिंग का केस है और सब लिख रहे हैं, लडका शराब को छूता नहीं. फिर गाडी क्या लस्सी पीके चला रहा था?"

"देखो बेटी," तुम्ही म्हणालात, "लग्न हो या कोर्ट, अच्छा ही लिखने का होता है." आणि खालच्या दुकानातून तिने मागवलेल्या बर्फीत मावा कमी आहे, हेही सांगितलंत.

मग तिने तुम्हाला नीट समजावलं. पिऊन होता, ही सबब कोर्ट ऐकत नाही. पण हे व्यसन आलं कुठून, लहानपणी त्याने घरात काय बघितलं, आणि आता सुटण्यासाठी तो काय करतोय, हे सगळं शिक्षा ठरवताना कोर्ट ऐकतं. "सच होना चाहिए, बस."

आता काय करतोय, हे दाखवायला क्लिनिकचे कागद होते. घोडं अडलं होतं लहानपणापाशी. कोर्टासाठी रिपोर्ट लिहिणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी निलेशला बाबांबद्दल विचारलं, तेव्हा तो म्हणाला, त्यांना पोटाचा जुना विकार होता. त्या बाईंनी इमानदारीत लिहून टाकलं: कुटुंबात जठरविकाराचा इतिहास. हरप्रीत म्हणाली, हा रिपोर्ट पोटाच्या डॉक्टरकडे न्या, माझ्याकडे कशाला आणलात?

मी निलेशशी कडाकडा भांडले. तो एकच सांगत राहिला, "मुग्धा, आईने बाबांचं जन्मभर झाकलं. तिने उघडल्याशिवाय मी उघडणार नाही. जेल तर जेल." तुमचाच मुलगा. मग माझ्यापुढे तुम्हीच उरलात. तुम्ही भेंडी चिरत होतात.

"आई, बाबा प्यायचे, हे कोर्टात सांगावं लागेल."

"काहीतरीच काय! त्यांना पित्त होतं."

"ते दारूने होतं, आई."

"मग होतंच ना? मी खोटं कुठे बोलले?"

"निलेशला आत टाकतील."

तुमची सुरी थांबली. "आणि मी काय करू? गेलेल्या माणसाची अब्रू चव्हाट्यावर मांडू, तेही परक्या देशात? ते येऊन उत्तर देऊ शकत नाहीत, मुग्धा." मग तुम्ही म्हणालात की साक्ष द्यायला तुम्ही येणार, मुलगा चांगला आहे हे साहेबांना सांगणार, आणि त्यापलीकडे कोणी तुमच्याकडून काही वदवून दाखवावं. हरप्रीत म्हणाली, "रिस्की है. पर माँ है."

पॅरामॅटाच्या कोर्टात तुम्ही इरकली नेसून आलात, पायात माझे स्नीकर्स. गीतेवर हात ठेवून शपथ घेतलीत. शेजारी दुभाषी उभे होते, टाय लावलेले, अतिशय सौम्य गृहस्थ. तुमच्या तोंडून निघेल तो प्रत्येक शब्द आपल्याला इंग्रजीत सांगावा लागतो, हे त्यांनी बाहेर बाकावर तुम्हाला दोनदा बजावलं होतं. तरी पहिला प्रश्न यायच्या आत तुम्ही त्यांच्याकडे वळून विचारलंत, "तुम्ही मूळचे कुठले हो?"

नियम म्हणजे नियम. त्यांनी मॅजिस्ट्रेटसाहेबांकडे बघत ते इंग्रजीत विचारलं. साहेबांना वाटलं, आपल्यालाच विचारलंय. त्यांनी चष्म्यावरून बघत आपल्या गावाचं नाव सांगितलं, "डब्बो."

"तिथे काय पिकतं?"

"व्हीट, मेनली."

"तरीच. गव्हाकडची माणसं शांत असतात," तुम्ही म्हणालात, आणि तेही इंग्रजीत झालं. पोलिसांच्या वकिलाने तोंडापुढे फाइल धरली. नंतर हे ऐकून ईरा ओरडली होती, "आजी, यू कान्ट जस्ट आस्क द जज व्हेअर ही इज फ्रॉम!" तुमचं उत्तर होतं, "का? तो माणूस नाहीये?"

हरप्रीतने विचारलं, निलेश लहान असताना घरात कोणी दारू प्यायचं का?

"नाही."

तिने डोळे मिटून घेतले. मग अंदाज घेत म्हणाली, त्याच्या वडिलांची तब्येत कशी असायची?

"पित्ताचा त्रास होता त्यांना."

हरप्रीत खाली बसली. मी निलेशकडे बघितलं, तो बुटांकडे बघत होता. मला वाटलं, झालं, संपलं. पण साहेबांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी पेन खाली ठेवलं आणि स्वतःच विचारलं, हा त्रास कधी व्हायचा?

आई, तुमचा चेहरा खुलला होता. इतक्या वर्षांत त्या पित्ताची चौकशी इतक्या आस्थेने कोणी केलीच नव्हती.

"शनिवारी."

"फक्त शनिवारी?"

"आधी फक्त शनिवारी. शिवाय मॅच जिंकली की. हरली तरी. होळीला. कोणाच्या लग्नात. मग पुढे पुढे रोजच."

"मग त्यांचं कोण बघायचं?"

"मी. आणि निलेश."

"निलेश तेव्हा केवढा होता?"

"दुसरी-तिसरीत असेल."

"तो काय करायचा?"

"दार उघडायचा. कोणी आलं की सांगायचा, बाबांना पित्त झालंय, झोपलेत. मीच शिकवलं होतं. छान सांगायचा. एकदाही चुकला नाही."

दुभाष्यांनी ते इंग्रजीत सांगितलं. तुम्हाला इंग्रजी उत्तम कळायचं. दुभाषी तुम्ही केवळ रुबाबासाठी मागितला होतात. त्यामुळे ते वाक्य तुम्ही दुसऱ्यांदा ऐकलंत, परक्या माणसाच्या तोंडून, सावकाश. छान सांगायचा. एकदाही चुकला नाही. तुम्ही निलेशकडे बघितलंत.

"साहेब," तुम्ही म्हणालात, "पित्त नव्हतं ते. दारू होती. ह्यांना दारूचं व्यसन होतं. मी ते झाकलं, आणि झाकायला पोराला शिकवलं. पुढे तो स्वतः प्यायला लागला तेव्हा बायकोला पित्तच सांगायचा. दारू त्याने बापाकडून घेतली असेल, पण लपवणं माझ्याकडून घेतलं. तेवढं लिहून घ्या."

दुभाषी थांबले. पाण्याचा घोट घेतला, आणि मग सगळं जसंच्या तसं सांगितलं. निलेशचे खांदे हलताना मला मागून दिसत होते. मीही रडत होते, आणि माझ्या शेजारी बसलेली, दुसऱ्याच कुठल्या केससाठी आलेली अंगभर टॅटूवाली बाई मला टिश्यू देत होती.

मग तुम्हाला आवरणं कठीण झालं. देव्हाऱ्यामागची बाटली, पिठाच्या डब्यातली बाटली, बाटली पिठाच्या डब्यात ठेवल्यामुळे बिघडलेल्या पोळ्या. साहेबांनी दोनदा "थँक यू" म्हणून पाहिलं. तुम्ही दोन्ही वेळा "वेलकम" म्हणून पुढे चालू.

निकाल देताना साहेब कडकच बोलले. पिऊन गाडी हाकायला कसलीच सबब नाही. त्या ट्रॅम्पोलीनवर मुलगी असती तर आज आपण वेगळ्याच कोर्टात बसलो असतो. पण हा माणूस लहानपणापासून काय बघत, काय शिकत आला, ते आज त्याच्या आईने सांगितलं, आणि ते विसरायला तो आता स्वतःहून शिकतोय, हेही कोर्टाला दिसतंय. म्हणून शिक्षा तुरुंगाबाहेर भोगायची: देखरेख, उपचार, लोकांसाठी बिनपगारी काम, आणि लायसन्स बराच काळ नाही.

बाहेर आल्यावर तुम्ही मला विचारलंत, "म्हणजे सुटला?"

"नाही आई. बांधून घातला."

"मग ठीक. सुटायला नकोच होता." निलेशला पार्कातलं गवत कापायचं काम मिळालं, तेही दर शनिवारी, हे कळल्यावर तर तुम्ही डब्बोच्या साहेबांना मनापासून आशीर्वाद दिलात.

घरी आल्यावर मी आमसुलांचा डबा कचऱ्यात उपडा करायला निघाले होते. तुम्ही माझा हात धरलात. "आमसुलांनी काय घोडं मारलंय तुझं? सोलकढी कर." मी केली. तुम्ही म्हणालात, नारळ कमी आहे. त्या दिवशी मी तुम्हाला काहीच बोलले नाही. तुम्ही कोर्टात काय केलंत ते मला कळलंय, एवढं तरी म्हणायला हवं होतं. तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही पदार्थाला नावं ठेवायचात, आणि माझं राहून जायचं. आज म्हणते. तुम्ही माझा संसार वाचवलात, आई. स्वतःची उभ्या आयुष्याची झाकपाक मोडून वाचवलात. नारळ खरंच कमी होता.

पण चिंचवडला परत गेल्यावर तुम्ही जे केलंत, त्याचा मला राग होता. सगळ्या सोसायटीला तुम्ही सिडनीचं कोर्ट बघून आल्याचं सांगितलंत: फार स्वच्छ, खुर्च्या मऊ, साहेब शेतकरी घरातले. तुम्ही तिथे गेलात कशाला होतात, त्याबद्दल अवाक्षर नाही. मी व्हिडिओ कॉलवर म्हणायची, तिकडेही सांगा ना आता, बाबांचं, निलेशचं, लाज कसली? तुमचं ठरलेलं उत्तर, "तिथे शपथ होती. इथे मला कोणी शपथ घातलीये?" हे भांडण आपण निलेशची शिक्षा संपल्यावरही भांडत राहिलो. शेवटच्या खेपेला मी चिडून म्हणाले, "तुमचं खरं बोलणं फक्त परदेशातच चालतं का?" तुम्ही रागाने फोन ठेवलात. म्हणजे नेहमीसारखा बंद न करता पालथा ठेवलात, आणि मला कितीतरी वेळ तुमच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत राहिल्या. त्या विषयावर आपण परत बोललो नाही. मग तुम्ही गेलात.

आम्ही चिंचवडला पोचलो. माणसं भेटायला येत होती. खालच्या मजल्यावरच्या तुमच्या मैत्रीण शैलाकाकू आल्या, तुमच्या फोटोला नमस्कार करून सोफ्यावर माझ्याशेजारी बसल्या. आता तुमच्या कोर्टाच्या मऊ खुर्च्या ऐकायच्या, अशी मी मनाची तयारी केली होती.

"माझ्या जावयाचं तुला माहितीये का?" त्या हळूच म्हणाल्या. "मी तुझ्या सासूबाईंना सांगत होते, जावयाला हल्ली पित्ताचा फार त्रास आहे. त्या सगळं ऐकत होत्या. मग मला म्हणाल्या, 'शैला, शनिवारी होतं का गं?'"

मी काकूंकडे बघतच राहिले.

"मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? तर या सोफ्यावर बसून त्यांनी मला सगळं सांगितलं. तुझ्या सासऱ्यांचं, निलेशचं, त्या साहेबांचं, त्यांच्या गावच्या गव्हाचंसुद्धा. आणि नुसतं सांगून थांबल्या नाहीत. माझ्या मुलीला घेऊन गेल्या तिकडे, घरात पिणारं माणूस असलेल्या बायकांची मिटिंग असते ना, तिथे. दर गुरुवारी रिक्षा करून जायच्या दोघी. तिथे म्हणे त्या सारख्या उठून बोलायच्या, बाकीच्या बायकांना संधीच मिळायची नाही." काकू रडता रडता हसल्या. "मला म्हणायच्या, मुग्धाला कळू देऊ नकोस हां. तिला वाटेल, ती जिंकली."

आई, असं कोणी करतं का? मी तुमच्याशी इतकं भांडले, तुम्ही एका शब्दाने मला थांबवलं नाहीत. मला इतका आनंद झाला आणि तुमचा इतका राग आला की दोन्ही कोणाकडे बघून करावं ते कळेना, म्हणून तुमच्या फोटोकडे बघितलं. फोटोत तुम्ही नारळ कमी असल्यासारख्याच बसल्या होतात.

तेवढ्यात निलेश आतल्या खोलीतून बाहेर आला. केस विस्कटलेले, डोळे लालभडक, नाक सुजलेलं. बाहेर शेजारची चार माणसं बसली होती, सगळे त्याच्याकडे बघायला लागले. शैलाकाकूंची पण जुनी सवय, पटकन बोलून गेल्या, "काय रे निलेश, डोळे बघ कसे झालेत. पित्त झालं का बाळा, दगदगीने?"

निलेश दारात थांबला. जन्मभराचं पाठ केलेलं उत्तर त्याच्या तोंडाशी आयतं आणून दिलं होतं त्यांनी.

"नाही काकू," तो म्हणाला, "आत बसून रडत होतो."

काकू सरकल्या आणि त्यांनी त्याला सोफ्यावर बसायला जागा करून दिली.